टाळ्या कशाला वाजवल्या?

आमच्या भागात इंग्रजीतला भविष्यकाळ पाढ्यांसारखा घोकून घेतात, आणि मला त्याचा आजही संताप येतो. ‘आय आणि वुई असेल तर शॅल, बाकी सगळ्यांना विल, आणि निश्चय असेल तर उलटं.’ नळदुर्गच्या शाळेत मी हे असंच म्हटलं, डी.एड.च्या पेपरात असंच लिहिलं, आणि शिक्षिका म्हणून रुजू झाले त्या दिवशी समोरच्या पोरांनी मला हेच म्हणून दाखवलं. निश्चय म्हणजे काय, कुणाचा, कशाबद्दलचा, हे कधी कुणी विचारलं नाही. पोरगं उभं राहतं, डोळे पत्र्याकडं लावतं, ‘आय शॅल गो, वुई शॅल गो, यू विल गो’ म्हणतं आणि खाली बसतं. कुठं जाणार, कशाला जाणार, काही पत्ता नाही.

वास्तविक हा विषय आपल्या माणसाला अवघड जायचं काही कारणच नाही. ‘लग्नाला येईन की’ असं म्हणणाऱ्या सोयऱ्याला आपण जेवणाच्या अंदाजात धरत नाही. ‘येणार आहे’ म्हणाला की धरतो. पहिलं तोंडदेखलं असू शकतं, दुसरं आधीच ठरलेलं असतं. विल आणि गोइंग टू यांच्यातला फरक बऱ्यापैकी असाच आहे, एवढं सांगितलं की आमची पोरं लगेच मान डोलावतात. आणि नक्की नसेल तर मे म्हणा. माझ्या घरात तर पुढची गोष्ट नुसती बोलायचीच सोय नव्हती. उद्या सोलापूरला जाणार, एवढं तोंडातून निघालं की अम्मी चुलीपासून ओरडायची, ‘पैले इन्शाल्ला बोल!’ आम्ही भावंडं एका दमात इन्शाल्ला म्हणायचो आणि मग पुढचं. पुढं काय होईल ते बोलताना जरा जपून बोलावं, ऐकणाऱ्यानंही जपून ऐकावं, हे मी तिथं शिकले. व्याकरणाच्या पुस्तकात ते कुठं नव्हतं.

माझी शाळा नळदुर्गपासून आत, आठवीपर्यंतची. हायवेवरचे ढाबे आणि ट्रकांची रांग मागं टाकून स्कूटीनं डावीकडं वळायचं आणि सोयाबीनच्या रानांतून जायचं. मी पोरांना घोकंपट्टीतून बाहेर काढायचं ठरवलं होतं. रोज शेवटच्या तासाला मी विचारायची, उद्या तुमच्या घरी खरोखर काय होणार आहे ते इंग्रजीत सांगा. खोटं सांगायचं नाही. पंक्चरवाल्याच्या पोरानं सांगितलं, ट्रक येतील, पण वडिलांना ताप आहे, ते दुकान कदाचित उघडणार नाहीत. त्यात विल होतं, मे होतं, सगळं जागच्या जागी होतं. एकीनं सांगितलं, माझा भाऊ मला मारणार आहे, कारण मी त्याचा चार्जर मोडला. वर्ग लोळून हसला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तिला विचारलं, मारलं का? पोरं एकमेकांचं ऐकायला लागली होती.

आणि मग शाळा तपासायला तालुक्याचे साहेब येणार असं कळलं.

साहेब येणार म्हटलं की आमच्याकडं जे सुरू होतं ते ज्यानं पाहिलं नाही त्याला खरं वाटणार नाही. त्याला आदर्श पाठ म्हणतात. साहेबांसमोर शिक्षकानं एक धडा शिकवायचा आणि पोरांनी फटाफट उत्तरं द्यायची. हा धडा आधी आठवडाभर तसाच्या तसा शिकवून झालेला असतो. कुठला प्रश्न कुणाला विचारायचा आणि त्यानं काय म्हणायचं, सगळं ठरलेलं. आमच्या मुख्याध्यापकांनी भविष्यकाळ निवडला, कारण ‘त्यात पोरं उठून दिसतात’. त्यांनी खुर्ची ओढून वर्गात बैठक मारली आणि पोरांना भविष्य वाटायला सुरुवात केली. तू डॉक्टर. तू पायलट. तू कलेक्टर. पंक्चरवाल्याच्या पोराला अंतराळवीर दिला, कारण तो शब्द त्याला चांगला म्हणता येत होता. सगळ्यांनी ‘आय शॅल बी’ म्हणायचं, आवाज मोठा.

मी म्हटलं, ‘सर, यातल्या कुणालाच आपण विचारलेलं नाही.’

‘मॅडम, उगं फाटे फोडू नका. साहेब अर्धा तास बसणार. तेवढ्यात काय मुलाखती घ्यायच्या पोरांच्या?’

दुसऱ्या बाकावर एक मुलगी होती, सातवीतली, मेंढपाळांच्या घरची. गावाबाहेर माळावर त्यांची दोन-तीन घरं आहेत. बोलायच्या आधी ती ओठांतल्या ओठांत वाक्य एकदा म्हणून बघायची आणि मगच उभी राहायची, त्यामुळं तिचं सहसा चुकत नसे. तिच्या वाट्याला ‘आय शॅल बी अ नर्स’ आलं. तिनं ते मुकाट्यानं पाठ केलं.

साहेब आले ते दुपारी, ऑफिसात शाल-नारळाचा सत्कार घेऊन मग वर्गात. मी फळ्यावर लिहिलं, प्रश्न विचारले. डॉक्टर झाले, पायलट झाले, अंतराळवीर तर इतका जोरात झाला की साहेब मागं रेलून हसले. त्यांचा मूड चांगला लागला आणि तिथंच घोटाळा झाला. ते म्हणाले, थांबा मॅडम, एक प्रश्न मी विचारतो. त्यांनी नेमकं त्या मुलीकडं बोट केलं. ‘यू. आफ्टर दिवाळी, व्हॉट विल यू डू?’

दाराशी उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला, कारण हे ठरलेल्यात नव्हतं. मुलगी उभी राहिली. ओठ हलले. मग ती म्हणाली, ‘आफ्टर दिवाळी आय विल नॉट कम टू स्कूल, सर. माय मदर्स हँड इज ब्रोकन. आय अ‍ॅम गोइंग टू गो विथ अवर शीप अँड कुक.’

दिवाळीनंतर मी शाळेत येणार नाही. आईचा हात मोडलाय. मी आमच्या मेंढरांबरोबर जाणार आहे, स्वयंपाकाला. मला हे आधी काहीही माहीत नव्हतं.

साहेब म्हणाले, ‘व्हेरी गुड! एक्सलंट! निगेटिव्ह वाक्यसुद्धा येतं की हो पोरांना! वाजवा टाळ्या.’

टाळ्या वाजल्या. पोरांनी वाजवल्या, कारण वाजवा म्हटलं होतं. मुख्याध्यापकांनी सगळ्यांत जास्त वाजवल्या, कारण जीव भांड्यात पडला होता. ती मुलगी उभीच होती. खाली बसू का, हे तिला कळत नव्हतं.

मी म्हटलं, ‘साहेब, ती काय म्हणाली ते ऐकलंत का?’

‘ऐकलं की. हेल्पिंग व्हर्ब अगदी करेक्ट. छान तयारी करून घेतलीत.’

मुख्याध्यापकांनी लगेच हात पुढं करून साहेबांना ऑफिसकडं वळवलं. तिथं जेवण मांडलेलं होतं, भाकरी, आमटी, शेंगाची चटणी, वर दही. मी पाठोपाठ गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. साहेबांनी पहिला घास मोडला तोच मी मराठीत, सगळ्यांना समजेल अशा मराठीत सांगितलं, की ही मुलगी दिवाळीनंतर शाळा सोडणार आहे आणि ते तिनं तुम्हालाच सांगितलं.

‘अहो मॅडम, सरावाचं वाक्य असेल ते.’

‘सरावाचं नर्सचं होतं साहेब. हे तिचं स्वतःचं होतं.’

साहेबांनी दोन-तीन योजनांची नावं घेतली. मग त्या मेंढपाळांना लागू होतात का ते बघावं लागेल म्हणाले. मग बघू म्हणाले. मग चटणी छान आहे म्हणाले. माझ्या अंगाची आग आग झाली. मला आजपर्यंत खूप वेळा राग आला आहे, माझ्या घरचे सांगतील तुम्हाला, पण एखाद्या माणसाला खाताना बघून इतका राग कधी आला नव्हता. एक लेकरू परक्या भाषेत, एकही चूक न करता, स्वतःवरचं संकट सांगतं, आणि मोठी शिकलेली माणसं त्यातलं क्रियापद तपासतात! मग शिकवता कशाला भाषा? म्हशीचं दूध मोजावं तशी वाक्यं मोजायची असतील तर त्याला शाळा कशाला पाहिजे?

शाळा सुटल्यावर मी घरी न जाता माळाकडं वळले. ऊन कलायला आलं होतं. मेंढरं नुकतीच आली होती आणि कोकरं आयांना शोधत कालवा करत होती. मुलीचा बाप मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी बांधत होता. मला बघून त्यानं हात झटकले, पोरीला आतून पोतं आणायला लावलं, झाडून अंथरलं. तिची आई दाराशी बसली होती, उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. थोरला मुलगा, विशीतला, दावणीच्या खांबाला टेकून मोबाइल बघत होता.

‘बसा मॅडम, बसा,’ बाप म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसत होता. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलायला लागला. ‘लई बरं झालं बगा आज. पोरगी सांगत व्हती.’

‘काय बरं झालं, दादा?’

‘आवं, धा दिवस झालं, माज्या डोस्क्याला घोर. हिचा हात मोडला. दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन उमरग्याकडनं पल्याड कर्नाटकात जातंव, रानात बसवाया. भाकरी कोन करनार? म्हनलं, पोरीला न्यावं. पर मन व्हय म्हनंना. साळंत हुशार हाय म्हनत्यात. तुमालाच इचारायला येनार व्हतो म्या. तर आज हिनं सोताच सायबाला सांगितलं. इंग्रजीत! आन सायेब म्हनलं, लई चांगलं. सगळ्या साळंनं टाळ्या वाजवल्या. म्या म्हनलं, मोठ्या सायबालाच पसंत हाय, मग आपन कशाला जिवाला लावून घ्यायचं? ठरलं मग. न्यायची.’

हा माणूस दहा दिवस स्वतःशी भांडत होता. पोरीची शाळा मोडायचा त्याला धीर होत नव्हता. तो धीर त्याला आम्ही दिला. टाळ्या वाजवून दिला. सरकारी माणसानं भर वर्गात हो म्हटलं असं त्यानं धरलं, आणि त्यानं तसं का धरू नये? चांगलं म्हटल्यावर माणूस चांगलंच समजणार.

‘दादा,’ मी म्हटलं, ‘साहेबांना ती काय म्हणाली ते कळलंच नाही.’

तो गोंधळला. पोरीकडं बघून माझ्याकडं बघत म्हणाला, ‘म्हंजी? इंग्रजी येत न्हाय का सायबाला?’

‘येतं.’

‘मग?’

मी पर्समधून फोन काढला. मुख्याध्यापकांना फोन लावून साहेबांचा नंबर मागितला. ते म्हणाले, ‘मॅडम, आता कशाला, उद्या बघू.’ मी म्हटलं, ‘नंबर द्या, नाहीतर आता तुमच्या घरी येते.’ त्यांनी दिला. मी साहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून फोन पोत्यावर मधोमध ठेवला. पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता.

‘कोण? हां हां, मॅडम. कोणती मुलगी?’

‘मेंढपाळांची. दिवाळीनंतर येणार नाही म्हणाली ती.’

‘हां, ती निगेटिव्ह वाक्यवाली! हुशार आहे हो.’

‘साहेब, तुमच्या टाळ्यांना तिच्या वडिलांनी परवानगी धरलंय. ते इथं समोर बसलेत, ऐकतायत. तुमच्या टाळ्या परत घ्या.’

‘परत म्हणजे?’

‘म्हणजे त्यांना सांगा की मुलीनं शाळा सोडणं तुम्हाला पसंत नाही. एवढंच सांगा.’

थोडा वेळ नुसती टीव्हीवरची बाई रडत राहिली. मग साहेब भाषणाच्या आवाजात म्हणाले, ‘मुलीचं शिक्षण फार महत्त्वाचं आहे. शाळेत पाठवत जा. मी बघतो काय करता येईल ते. जरा मीटिंगमध्ये आहे, ठेवतो.’ आणि ठेवला.

बाप फोनकडं बघत राहिला. ‘दुपारच्याला येक, सांजच्याला येक,’ तो म्हणाला. ‘आता कोनतं धरायचं?’ त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. ‘आन ऱ्हाईली पोरगी, तर ऱ्हाऊ दे. माजी भैन हाय गावात, तिच्याकडं ऱ्हाईल. पर तिकडं रानात चुलीचं कोन बगंल? तुमीच सांगा मॅडम.’

मी काय सांगणार होते? शिक्षणाचं महत्त्व? ते साहेबांनी आताच सांगून फोन ठेवला होता. मोडलेला हात खरा होता. रोज सगळ्या माणसांच्या भाकरी करायच्या होत्या, त्याही खऱ्या होत्या. मुलगी बापामागं उभी राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. इतका वेळ आम्ही सगळे तिच्याबद्दल बोलत होतो. मी तिला विचारलं, ‘तुला काय करायचंय?’

तिचे ओठ हलले. बापाकडं बघून ती रडायला लागली. आवाज न करता, नाक ओढत.

तेव्हा इतका वेळ गप्प असलेली तिची आई बोलली. ‘तिला काय इचारताव? थोरला हाय की.’

‘थोरला काय?’ बाप म्हणाला.

‘थोरला थापील भाकरी.’

खांबाशी टेकलेल्या मुलानं मोबाइल खाली केला. ‘भाकरी? म्या?’

‘व्हय, तू. माजा उजवा हात मोडलाय, तोंड न्हाय मोडलं. म्या चुलीम्होरं बसून सांगन, तू थाप. पीठ मळाया काय लागतंय? मेंढराला धरून लोकर कातरतूस की.’

‘लोकं हासत्याल, आये.’

‘हासू दे. हासनाऱ्याला वाढू नगंस.’

मुलगा बापाकडं बघायला लागला, बाप काहीतरी तोड काढील म्हणून. बापानं जाळीचं दोरखंड उचललं, गाठ तपासली, पुन्हा खाली ठेवलं. ‘जळत्याल सुरवातीला,’ तो म्हणाला.

‘जळंनात का. तू बी खाशील आन म्या बी खाईन,’ ती म्हणाली आणि मला म्हणाली, ‘मॅडम, च्या घ्या. शेळीच्या दुदाचा हाय, चालंल न्हवं?’ पोरगी डोळे पुसत चहा ठेवायला गेली. आईनं तिला तिथूनच हाक मारून थांबवलं आणि थोरल्याला उठवलं. चहा त्यानं केला. पाणचट झाला होता आणि साखर जास्त पडली होती. मी सगळा प्याले.

दिवाळीनंतर शाळा भरली. मेंढरं कर्नाटकाकडं गेली होती. मुलगी दुसऱ्या बाकावर आपल्या जागी होती, आत्याकडून डबा घेऊन आली होती. मी हजेरी घेतली, तिचं नाव घेतलं, तिनं ‘येस मॅडम’ म्हटलं. मी पुढचं नाव घेतलं.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक मला ऑफिसात म्हणाले, ‘मॅडम, अभिनंदन. तालुक्याच्या मीटिंगमध्ये आपल्या शाळेचा उल्लेख झाला. साहेबांनी स्वतः सांगितलं. भेटीच्या वेळी एक मुलगी शाळा सोडणार असल्याचं त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी लगेच पालकांशी फोनवर संपर्क साधला आणि मुलगी शाळेत टिकली. सगळ्यांनी कौतुक केलं.’

मग मी त्यांना सगळं सांगितलं. बापानं परवानगी कशी धरली ते, टीव्हीवरच्या बाईचं रडणं, मोडलेला हात आणि थोरल्यानं थापायच्या भाकरी, सगळं. माझा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला असावा, कारण पोरं खिडकीत जमा झाली.

ते शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, ‘ते बरोबर आहे मॅडम. पण ते असं वर सांगता येत नाही ना.’

वर सांगता येत नसेल तर नसू दे. मी इथं सांगते. ती पोरगी आज शाळेत आहे ती साहेबांच्या फोनमुळं नाही, आणि माझ्या स्कूटीवरून धावत जाण्यामुळंही नाही. ती शाळेत आहे, कारण तिकडं कुणाच्या तरी रानात एक बाई हात गळ्यात बांधून चुलीपुढं बसते आणि विशीतल्या मुलाला सांगते, कड जाड राहिली, परत थाप.